कवटीच्या तळाचा एमआरआय: कॉन्ट्रास्टच्या आधीचा साधा टी१ का सोडायचा नाही

पर्वतीपायथा

रेडिओलॉजीतले रेसिडेंट, एमआर तंत्रज्ञ, ईएनटी आणि न्यूरोची मंडळी इथे बरीच आहेत, म्हणून हा धागा.

सोलापूर, सातारा, बारामती, अहिल्यानगर इथून पेशंट पुण्यात येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत बहुतेक वेळा एक "एमआरआय ब्रेन" असतोच. तक्रार ठरावीक असते: एकाची दोन दिसतात, अर्धा गाल बधिर झालाय, आवाज बसलाय, घास अडकतो. रिपोर्टमध्ये मेंदू नॉर्मल. तो रिपोर्ट खोटा नसतो. मेंदू तपासला गेलेला असतो, तळ तपासलेलाच नसतो. मेंदूच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये ५ मिमीचे कट आणि वर मिलिमीटर-दीड मिलिमीटरची गॅप. फोरामेन ओव्हाले, म्हणजे तळातलं जबड्याच्या नसेचं छिद्र, लांबीला जेमतेम ७ मिमी आणि रुंदीला ४ मिमी. दोन कटांच्या मध्ये ते अख्खं निसटतं, आणि त्यातून वर चढणारा कॅन्सरही त्याच्यासोबत निसटतो.

माझं म्हणणं एवढंच. कवटीच्या तळाच्या स्कॅनमधला सगळ्यात कामाचा सिक्वेन्स म्हणजे कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं गॅडोलिनियमचं औषध) देण्याआधीचा, फॅट-सॅट (चरबीचा सिग्नल दाबणं) न केलेला साधा टी१. वेळ वाचवायला सगळ्यात आधी तोच कापला जातो. "कॉन्ट्रास्ट देणारच आहोत, मग साधा कशाला?" म्हणून. काही ठिकाणी आधीचा आणि नंतरचा दोन्ही टी१ फॅट-सॅट लावून घेतात. मग हाडातली चरबी काळी, गाठही काळी, आणि रोग दाखवणारा फरकच पुसला जातो.

तळाच्या हाडात मज्जा आहे, छिद्रांच्या तोंडाशी चरबीच्या छोट्या गाद्या आहेत. टी१ वर ही चरबी पांढरी दिसते. रोग आला की ती करडी होते. सुरुवातीला एवढीच खूण मिळते.

मुळाकाठ

उत्तम विषय. रेसिडेंट आहे, एक शंका विचारतो. क्लायव्हस (तळाचं मधलं हाड) "करडा" आहे हे ठरवायचं कशावरून? विंडो बदलली की सगळंच करडं दिसतं.

पर्वतीपायथा

@मुळाकाठ, विंडोवर विसंबू नका, शेजाऱ्याशी तुलना करा.

मध्यरेषेतला सॅजिटल टी१ उघडा. सेलाच्या (पिट्युटरीची खाच) मागच्या भिंतीपासून फोरामेन मॅग्नमपर्यंत (कवटीचं मोठं छिद्र) तिरका उतरणारा पांढरा पट्टा म्हणजे क्लायव्हस. त्याच्या पुढे वरच्या बाजूला स्फिनॉइड सायनसची काळी हवा, खाली नाकामागच्या घशाची भिंत. मागे कॉर्टेक्सची बारीक काळी रेघ, मग पाण्याची काळी फट, आणि तिच्या मागे पॉन्सचा (मेंदूच्या देठाचा भाग) करडा फुगवटा. आता पॉन्स आणि क्लायव्हस या दोघांकडेच बघा. प्रौढ माणसात क्लायव्हस पॉन्सपेक्षा पांढरा हवा. पॉन्सइतकाच किंवा त्याहून काळा दिसला तर थांबायचं. मागची काळी रेघ वरून खाली बोटाने गिरवल्यासारखी तपासायची. ती कुठे तुटली असेल तर तिथला अक्षीय कट काढायचा.

लहान मुलांत क्लायव्हस करडाच असतो, कारण मज्जा लाल असते. वय वाढेल तशी चरबी भरते. किशोरवयापर्यंत मध्ये एक आडवी रेघ दिसू शकते, ती स्फिनॉइड आणि ऑक्सिपिटल हाडांचा सांधा. फ्रॅक्चर म्हणून लिहू नका.

सहावीनस

यात एक भर. आपल्याकडे ॲनिमिया भरपूर. ॲनिमियात, जुन्या धूम्रपानात किंवा केमोसोबत वाढीची इंजेक्शनं दिलेली असतील तर प्रौढांतही मज्जा पुन्हा लाल होते आणि क्लायव्हस करडा दिसतो. म्हणून रेफरल चिठ्ठीवर हिमोग्लोबिन लिहा. दोन शब्दांचं काम आहे.

पर्वतीपायथा

+१. अशा वेळी त्याच सॅजिटलमध्ये मानेचे मणके दिसतात, तिकडे बघा. लाल मज्जा सगळीकडे सारखी वाढते, मणकेही थोडे करडे होतात, पण शेजारच्या चकतीपेक्षा काळे होत नाहीत. मणका चकतीपेक्षा काळा असेल तर ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा, पसरलेला कॅन्सर यांचा विचार करावा लागतो. मणके छान पांढरे आणि एकटा क्लायव्हस काळा असेल तर दोष तिथलाच. तरीही अडलं तर इन-फेज आणि आउट-ऑफ-फेज घ्या (चरबी-पाण्याचे सिग्नल एकदा एकत्र, एकदा एकमेकांविरुद्ध). मज्जेत चरबी शिल्लक असेल तर आउट-ऑफ-फेजमध्ये सिग्नल घसरतो, २० टक्क्यांच्या वर घसरला तर बहुधा मज्जाच. गाठीने चरबी हुसकावलेली असेल तर घसरत नाही.

कन्सोलवाला_हडपसर

तंत्रज्ञांच्या बाजूने प्रोटोकॉल लिहितो. दीड टेस्ला पुरतं. थ्री टेस्लावर बारकावा जास्त मिळतो, पण हवा-हाडाच्या सीमेवर चित्र बिघडतंही जास्त.

सॅजिटल टी१, ३ मिमी, मेंदूचा नव्हे तर तळाचा, एका कानाच्या मध्यापासून दुसऱ्या कानाच्या मध्यापर्यंत. मग अक्षीय टी१, फॅट-सॅट बंद, ३ मिमी, गॅप ०.३ किंवा शून्य, एफओव्ही (चित्रात येणारं क्षेत्र) १६ ते १८ सेमी. वरची हद्द डोळ्यांच्या खोबणीच्या वर आणि खालची हद्द दुसऱ्या मणक्याच्या खाली. खाली लवकर थांबू नका. बाराव्या नसेची गाठ असेल तर जीभ चित्रात यायलाच हवी. कट कडक टाळूला समांतर लावा आणि लोकलायझरवर दोन्ही कानांच्या आतल्या नळ्या एका पातळीत आणा. डोकं तिरकं राहिलं तर डावी-उजवी तुलना संपली, आणि हे सगळं वाचन तुलनेवरच चालतं.

त्यानंतर अक्षीय टी२ (यात पाणी पांढरं) फॅट-सॅट किंवा स्टर (चरबी दाबायची दुसरी पद्धत), कोरोनल टी१ साधा, डिफ्युजन (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारं), आणि नसांसाठी ठळक टी२ चा थ्रीडी सिक्वेन्स, ०.५ ते ०.७ मिमी. मशीनप्रमाणे त्याचं नाव सिस किंवा फिएस्टा. मग कॉन्ट्रास्ट आणि फॅट-सॅट टी१ अक्षीय व कोरोनल. सगळं मिळून ३० ते ३५ मिनिटं.

स्टर कॉन्ट्रास्टच्या आधीच घ्या. स्टर फक्त चरबी ओळखून दाबत नाही, ज्या ऊतीचा टी१ चरबीइतका कमी तिला तो दाबतो. गॅडोलिनियम प्यायलेल्या गाठीचा टी१ कमी झालेला असतो. म्हणजे नंतर स्टर घेतला तर गाठच दबू शकते. पेशंट हलला म्हणून स्टर शेवटी परत घेतला, असं होतं. त्यापेक्षा न घेतलेला बरा.

मुळाकाठ

आणि फॅट-सॅट फसलं तर कसं ओळखायचं? स्फिनॉइडच्या तळाशी आणि दातांजवळ नेहमी काहीतरी चमकतं.

कन्सोलवाला_हडपसर

नेहमीचं फॅट-सॅट चरबीची फ्रिक्वेन्सी नेमकी पकडून दाबतं. हवा आणि हाड शेजारी असलं, दातांना तारा किंवा कॅप असली की तिथलं चुंबकीय क्षेत्र वाकतं, फ्रिक्वेन्सी सरकते आणि चरबी दबायची राहते. ती पांढरी राहते आणि वाचणाऱ्याला वाटतं, कॉन्ट्रास्ट घेतलाय. ओळखायची खूण: तोच भाग साध्या टी१ वर आधीपासून पांढरा असेल तर ती न दबलेली चरबी. साधा टी१ नसेल तर ओळखायचं कशावरून? म्हणून पर्वतीपायथा सरांचा मुद्दा आमच्या बाजूनेही खरा आहे.

मशीनवर डिक्सन (चरबी आणि पाणी वेगळं काढणारी पद्धत) असेल तर तळासाठी तोच लावा, तो या वाकड्या क्षेत्राला बराच पुरतो. नसेल तर शिम बॉक्स (क्षेत्र सारखं करायची चौकट) लहान करून नेमका तळावर ठेवा आणि सायनसची हवा शक्य तेवढी बाहेर राहू द्या. काढता येणारी कवळी काढायला लावा. पेशंट विचारल्याशिवाय सांगत नाही.

डिफ्युजनचंही तेच. नेहमीचं इपीआय (झटपट घेतलेलं) डिफ्युजन कानाजवळ ताणलं जातं, खोटा पांढरा डाग पडतो. कोलेस्टिॲटोमा (कानात साठलेली कातडीची गाठ) शोधायचा असेल तर नॉन-इपीआय हवं. त्यात २-३ मिमीचाही सापडतो.

पर्वतीपायथा

कॉन्ट्रास्टच्या डोसबद्दल एक धोक्याची सूचना. मात्रा ०.१ मिलिमोल प्रति किलो. बहुतेक औषधं ०.५ मिलिमोल प्रति मिली ताकदीची, म्हणून ०.२ मिली प्रति किलो, ६० किलोला १२ मिली. गॅडोब्युट्रॉल दुप्पट ताकदीचं, १ मिलिमोल प्रति मिली, त्याचे ६० किलोला ६ मिली. औषध बदललं आणि सिरिंज जुन्याच सवयीने भरली तर डोस दुप्पट जातो. बाटलीवरची ताकद दर वेळी वाचा. ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) ३० च्या खाली असेल तर मॅक्रोसायक्लिक गटातलं औषध, जुनी गॅडोडायमाइडसारखी नव्हेत.

शंखास्थी

ईएनटीच्या बाजूने लिहिते. क्लायव्हसवर छान चर्चा झाली, पण माझ्या मते रोज बघायची जागा टेरिगोपॅलाटाइन फॉसा आहे. महाराष्ट्रात तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचे कॅन्सर किती, हे सांगायला नको. गालाचा किंवा दाढेमागचा कॅन्सर नसेच्या कडेने वर सरकतो. लाळग्रंथींचा ॲडिनॉइड सिस्टिक तर त्यासाठीच ओळखला जातो. ऑपरेशनला तोंडापुरती कड साफ मिळते आणि रोग वर कॅव्हर्नस सायनसमध्ये (सेलाच्या बाजूची शिरांची जागा) बसलेला असतो.

अक्षीय साधा टी१ घ्या. मॅक्झिलरी सायनसच्या मागच्या भिंतीच्या मागे आणि टेरिगॉइड हाडाच्या पुढे काही मिलिमीटर रुंदीची एक पांढरी फट दिसते, आत रक्तवाहिन्यांचे एक-दोन काळे ठिपके. दोन्ही बाजू शेजारी ठेवा. एका बाजूचा पांढरेपणा गेला असेल तर तिथेच न थांबता पुढचा शोध घ्या. ही जागा जुन्या वाड्यातल्या मधल्या चौकासारखी आहे, सगळी दारं तिथेच उघडतात. मागे फोरामेन रोटंडममधून कॅव्हर्नस सायनस, त्याच्या खाली-आत व्हिडियन कॅनॉल, आतल्या बाजूला स्फिनोपॅलाटाइन छिद्रातून नाक, बाहेरच्या बाजूला इन्फ्राटेम्पोरल फॉसा, वर खोबणी, खाली टाळू. रोग कुठल्याही दाराने आत येऊन कुठल्याही दाराने बाहेर पडतो.

दुसरी चरबी फोरामेन ओव्हालेच्या अगदी खाली, कोरोनलवर उत्तम दिसते. तिसरी कानामागे स्टायलोमॅस्टॉइड छिद्राच्या तोंडाशी. पॅरॉटिडची गाठ आणि चेहरा वाकडा असेल तर ती आधी बघा.

सहावीनस

नसेचा माग स्नायूंवरही लागतो. पाचव्या नसेच्या तिसऱ्या शाखेत, म्हणजे व्ही३ मध्ये, रोग असेल तर चावण्याचे स्नायू आधी टी२ वर उजळतात, मग महिन्यांनी चरबी भरून टी१ वर पांढरे आणि बारीक होतात. बाराव्या नसेत जिभेचा अर्धा भाग चरबीने पांढरा होतो आणि मागे घशात ढळतो. कधी कधी हाच अर्धा भाग "जिभेची गाठ" म्हणून वाचला जातो. तो दिसला की हायपोग्लॉसल कॅनॉल आणि क्लायव्हसची खालची बाजू बघायची. मात्र त्या कॅनॉलमध्ये शिरांचं जाळं असतं, ते कॉन्ट्रास्टनंतर दोन्हीकडे उजळतं, तो रोग नव्हे. टेरिगॉइडच्या शिराही डाव्या-उजव्या सारख्या नसतात.

आणि सहावी नस. दोन दोन दिसतं, डोळा बाहेर वळत नाही, मधुमेह आहे, म्हणून "शुगरमुळे" असं लिहून तीन महिने थांबतात. मधुमेहाने होते हे खरंच. पण सोबत चेहऱ्याचा बधिरपणा, कानात पाणी किंवा डोकं दुखणं असेल तर थांबू नये. ती नस क्लायव्हसला चिकटून वर चढते आणि कानाच्या हाडाच्या आतल्या टोकावरून, म्हणजे पेट्रस एपेक्सवरून, डोरेलोच्या बोळातून जाते. डोक्यातला दाब वाढल्यानेही ती जाते, म्हणून रिकामी सेला आणि डोळ्याच्या नसेभोवतीचं पाणीही लिहा.

बिंदुमाधव_केळकरवाडी

फिजिशियन आहे. वयस्कर मधुमेही, कान ठणकतो, रात्री झोप नाही, सीटी नॉर्मल. हे चित्र वारंवार दिसतं. सीटी नॉर्मल आल्यावर एमआरआय करावा का?

शंखास्थी

करावाच, आणि लगेच. हाडातलं खनिज साधारण तिसरा हिस्सा किंवा अधिक गेल्याशिवाय सीटीवर हाड खाल्लेलं दिसत नाही. तळाच्या ऑस्टिओमायलायटिसमध्ये (हाडाचा संसर्ग) तोपर्यंत सातवी नस गेलेली असू शकते. संसर्ग, बहुतेकदा स्यूडोमोनस, कानाच्या नळीच्या खालच्या भिंतीतल्या सॅन्टोरिनीच्या फटींतून तळाला उतरतो. नळीत हाड आणि कूर्चा जुळतात तिथे दाणेदार लाल मांस दिसतं. एमआरआयवर साध्या टी१ मध्ये जबड्याच्या कंडाइलच्या मागची चरबी बघा, ती सगळ्यात आधी करडी होते. मग पेट्रस हाड, मग मध्यरेषा ओलांडून क्लायव्हस.

@बिंदुमाधव, सोबत ईएसआर, सीआरपी (सूज मोजणाऱ्या रक्ततपासण्या). आणि कानाच्या थेंबांवर समाधान मानू नका. उपचार किमान सहा आठवड्यांचे, अनेकदा जास्त.

पर्वतीपायथा

इथे दोन चुका होतात.

पहिली, क्लायव्हसपर्यंत पसरलेला ऑस्टिओमायलायटिस नाकामागच्या कॅन्सरसारखा दिसतो, आणि उलटही. कॅन्सर बहुधा रोझेनम्युलरच्या खाचेत गाठ करतो, थर मोडतो, डिफ्युजनवर जास्त अडतो. संसर्गात सूज पसरट असते, टी२ वर स्नायूंचे थर ओळखू येतात, एडीसी (डिफ्युजनवरून काढलेला आकडा) तुलनेने वर राहतो. पण चित्रावर शंभर टक्के भरवसा ठेवू नये. खोलवरची बायोप्सी घ्यावी, तिचा अर्धा भाग पॅथॉलॉजीला आणि अर्धा कल्चरला, बुरशीच्या कल्चरसह. कल्चरचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला तर वाया गेला. सलाइनमध्ये पाठवा. याच्याशी जोडलेलं दुसरं: प्रौढ माणसाच्या एकाच कानात पाणी साठत असेल तर नाकामागे बघितल्याशिवाय कानात नळी घालू नये.

दुसरी चूक फॉलो-अपची. पेशंट बरा होत असतो, सीआरपी उतरलेला, पण क्लायव्हसचा सिग्नल महिनोन्‌महिने करडाच राहतो. मज्जा सावकाश भरते. केवळ त्यावरून "रोग शिल्लक" लिहिलं की अँटिबायोटिक लांबत जातात. मऊ ऊतींची सूज कमी झाली का, ते आधी लिहा. अडलंच तर एफडीजी पेट-सीटीचा उपयोग होतो.

मुळाकाठ

म्युकरमायकोसिसचं काय? २०२१ च्या फायली अजून शिकवायला वापरतात.

पर्वतीपायथा

वापराव्यातच. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितलं, तेव्हा महाराष्ट्रात सगळ्यांनी तो भरपूर पाहिला. त्यातून पक्का झालेला धडा हा: बुरशी हाड न मोडता पुढे जाते. ती रक्तवाहिन्यांच्या आणि चरबीच्या वाटेने चालते. सायनसची भिंत सीटीवर शाबूत आणि सायनसच्या मागची चरबी धूसर झालेली, ही सुरुवात. कॉन्ट्रास्टनंतर नाकातला टर्बिनेट उजळायला हवा. तो काळाच राहिला तर तिथे रक्त पोचत नाही, ऊती मेलेली आहे. बुरशीत लोह आणि मँगनीज असल्याने टी२ वर ती इतकी काळी दिसू शकते की स्फिनॉइडमध्ये हवाच आहे असं वाटतं. टी२ वर "मोकळा" दिसणारा स्फिनॉइड सीटीशी ताडून बघा. नंतर कॅव्हर्नस सायनस आणि त्यातल्या कॅरॉटिडचा काळा गोल फ्लो-व्हॉइड (वाहतं रक्त काळं दिसतं). तो भरलेला दिसला तर तातडीने फोन करा, रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघू नका.

एंडोक्राइन_औंध

क्लायव्हस खाऊन टाकलेली मोठी गाठ दिसली की सगळे कॉर्डोमा (तळाच्या हाडाचा कॅन्सर) म्हणतात. माझी कळकळीची विनंती: सुरी लावण्याआधी प्रोलॅक्टिन करा. पिट्युटरीची प्रोलॅक्टिनोमा खाली वाढून अख्खा क्लायव्हस व्यापू शकते, आणि ती बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आक्रसते. गाठ प्रचंड आणि प्रोलॅक्टिन जरासंच वाढलेलं असेल तर लॅबला १:१०० डायल्युशन करून परत मोजायला सांगा. हुक इफेक्टमुळे फार जास्त प्रोलॅक्टिन खोटं कमी येऊ शकतं.

पर्वतीपायथा

अगदी बरोबर. रिपोर्टिंग करताना एकच प्रश्न: पिट्युटरी गाठीपासून वेगळी दिसते का? वेगळी दिसली, वर ढकललेली असली तर कॉर्डोमाकडे झुकायचं. दिसतच नसेल तर गाठ पिट्युटरीचीच समजून रक्ततपासणी सुचवायची.

कॉर्डोमा मध्यरेषेत, टी२ वर झगझगीत पांढरा, आत काळे पडदे, सॅजिटलवर मागे अंगठ्यासारखा टोचून पॉन्स दाबणारा. सीटीवर हाडाचे उरलेले तुकडे. कॉन्ड्रोसार्कोमा बाजूला, पेट्रस आणि ऑक्सिपिटल हाडांच्या फटीत, सीटीवर कड्या आणि कमानींसारखं कॅल्शियम. दोन्ही टी२ वर पांढरे, म्हणून एडीसी मोजा: कॉन्ड्रोसार्कोमा २.० च्या आसपास, नेहमीचा कॉर्डोमा १.५ च्या आसपास, वाईट जातीचा १ च्या खाली (गुणिले दहाचा वजा तिसरा घात, चौरस मिमी प्रति सेकंद). क्लायव्हसच्या मागे पाण्यात लोंबणारा, टी२ वर पांढरा आणि कॉन्ट्रास्ट अजिबात न घेणारा छोटा दाणा असेल तर तो एकॉर्डोसिस, नोटोकॉर्डचा (गर्भातल्या कण्याच्या दांड्याचा) उरलेला अंश. त्याला ऑपरेशन नको.

मुळाकाठ

पेट्रस एपेक्सवरही कोणीतरी लिहा. तिथे टी१ वर पांढरं दिसलं की गोंधळ होतो.

शंखास्थी

पांढरं आहे? फॅट-सॅटवर बघा. काळं झालं तर चरबी. एका बाजूच्या एपेक्समध्ये हवा आणि दुसरीकडे मज्जा असं अनेकांत असतं, तो रोग नाही. फॅट-सॅटवरही पांढरंच राहिलं आणि टी२ वरही पांढरं, कडेला लोहाची काळी कड, हाड फुगलेलं, तर कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमा. टी१ काळा, टी२ पांढरा, नॉन-इपीआय डिफ्युजनवर चमकतो तो कोलेस्टिॲटोमा. सगळीकडे पाण्यासारखा आणि मेकेलच्या गुहेशी (पाचव्या नसेची पिशवी) जोडलेला, तो सेफॅलोसील. त्यात सुई घातली तर सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी) गळायला लागेल. नुसतं साठलेलं पाणी असेल तर सीटीवर आतल्या बारीक भिंती शाबूत राहतात. हा सीटी कापाकापी टाळतो.

कन्सोलवाला_हडपसर

सीटीचा विषय निघाला म्हणून. ०.६ मिमी किंवा कमी, गँट्री टिल्ट शून्य, बोन कर्नल आणि सॉफ्ट कर्नल दोन्ही, शंखास्थीसाठी (कानाचं टेम्पोरल हाड) प्रत्येक बाजूचा एफओव्ही ९-१० सेमी वेगळा. कच्चा डेटा मशीनवर थोडेच दिवस राहतो, जागा भरली की पुसला जातो. "बारीक कट नंतर काढून देऊ" म्हटलं आणि पेशंट आठवड्याने आला तर काढता येत नाहीत. रिकन्स्ट्रक्शन त्याच दिवशी करून पॅक्सवर (चित्रं साठवणारी यंत्रणा) टाका. ऑपरेशनमधल्या नेव्हिगेशनसाठी नाकाचं टोक आणि दोन्ही कान चित्रात हवेत. कापले गेले तर रजिस्ट्रेशन जुळत नाही.

शंखास्थी

धन्यवाद दादा, हे सोन्यासारखं लिहिलंत. एंडोस्कोपीआधी मी सीटी अँजिओही मागते. स्फिनॉइडच्या भिंतीत कॅरॉटिडवर हाड आहे की नाही, सायनसमधला पडदा कॅरॉटिडवर तर टेकत नाही, ओनोडी पेशीत (सायनसचा सगळ्यात मागचा कप्पा) डोळ्याची नस उघडी आहे का, नाकाच्या छताची खोली किती. केरोसच्या वर्गवारीत १ ते ३, ४ ते ७, ८ ते १६ मिमी. खोल छतात बाजूची पातळ पत्री लांब असते, तीच फुटते.

आणि हात लावायच्या आधी विचार करायच्या जागा. कानाच्या पडद्यामागे लाल धडधडणारं काही दिसलं तर सीटी झाल्याशिवाय टोचू नये, ती वाट चुकलेली कॅरॉटिड किंवा उघडा जुग्युलर बल्ब असू शकतो. किशोरवयीन मुलगा, नाकातून वारंवार रक्त, मॅक्झिलरी सायनसची मागची भिंत पुढे वाकलेली, तर अँजिओफायब्रोमा. ओपीडीत बायोप्सी नको. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीत "पॉलिप" दिसला तर आधी एमआरआय, तो नाकात उतरलेला मेंदूचा पडदा असू शकतो.

पर्वतीपायथा

जुग्युलर छिद्रातही सीटीच उत्तर देतो. कड गुळगुळीत, छिद्र नुसतं मोठं झालेलं, तर श्वानोमा. हाड वाळवी लागल्यासारखं कुरतडलेलं आणि एमआरआयवर काळे-पांढरे मीठ-मिरीचे ठिपके, तर पॅरागँग्लिओमा. पण गाठ २ सेमीपेक्षा लहान असेल तर ते ठिपके नसूही शकतात. खात्रीसाठी गॅलियम-६८ डोटाटेट पेट. जुग्युलर बल्बमध्ये कधी रक्त सावकाश फिरतं आणि गाठीसारखं उजळतं, तेव्हा व्हेनोग्राम बघा.

फायब्रस डिस्प्लेजिया एमआरआयवर भयानक दिसतो, कॉन्ट्रास्ट भरभरून घेतो. सीटीवर घासलेल्या काचेसारखा धूसर, की प्रश्न मिटला. स्फिनॉइडमध्ये हवा भरायची अर्धवट राहिलेली जागाही तशीच: आत चरबी, बारीक पांढरी कड, हाड फुगलेलं नाही, छिद्रं जागच्या जागी. तिला सोडून द्यायचं.

विकिरण_४११०

रेडिएशनवाल्यांची एक मागणी. कॉर्डोमाला प्रोटॉनसाठी खारघरच्या ॲक्ट्रेकला (टाटा मेमोरियलचं केंद्र) पाठवताना सोबत पीडीएफ रिपोर्ट आणि फिल्मचा मोबाइलवरचा फोटो येतो. त्यावर फ्युजन (प्लॅनिंगच्या सीटीवर एमआरआय जुळवणं) होत नाही. कॉन्ट्रास्टनंतरचा थ्रीडी टी१, १ मिमी, गॅपशिवाय, मूळ डायकॉम. ऑपरेशनच्या आधीचा स्कॅनही हवा, कारण गाठ कुठे टेकली होती ते नंतरच्या चित्रात उरत नाही.

आणि ऑपरेशननंतरच्या स्कॅनमध्ये तळात पांढरं दिसलं की "गाठ उरली" असं का येतं?

शंखास्थी

आम्ही भोक बुजवायला पोटाची किंवा मांडीची चरबी भरतो. ती टी१ वर पांढरी, कॉन्ट्रास्टशिवायच. तिच्यावर नाकाच्या पडद्याचा फ्लॅप, तो मात्र कॉन्ट्रास्ट घेतो आणि घ्यायलाच हवा. न उजळलेला फ्लॅप मेलेला असू शकतो, सीएसएफ गळतीची भीती. ऑपरेशन नोट पाठवत जाऊ, त्यात चरबी, फॅशिया, फ्लॅप काय वापरलं ते असेल.

पर्वतीपायथा

आणि तिथेही साधा टी१ नसेल तर भरलेली चरबी आणि उरलेली गाठ वेगळी काढता येत नाही. नोट मिळाली तर रिपोर्टमध्ये तिसऱ्या महिन्याच्या स्कॅनशी तुलना करता येते.

बिंदुमाधव_केळकरवाडी

मग चिठ्ठीवर नेमकं काय लिहू? "एमआरआय ब्रेन विथ कॉन्ट्रास्ट" नको, एवढं कळलं.

कन्सोलवाला_हडपसर

"एमआरआय स्कल बेस, कॉन्ट्रास्टसह. साधा टी१ फॅट-सॅटशिवाय, ३ मिमी." त्याखाली कोणती नस, कोणती बाजू, किती दिवस. मधुमेह, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. आधी कॅन्सर किंवा ऑपरेशन झालं असेल तर कधी. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतली क्लिप असेल तर लाल पेनाने, कंपनी आणि मॉडेलच्या कार्डासह. जुनी सीडी पेशंटसोबतच पाठवा, नंतर नको. जुन्या स्कॅनवरून कट कुठे लावायचे ते आम्हाला टेबलावर पेशंट असतानाच बघता येतं.